पळून आलेला इंग्रज आणि त्याच्या अकरा हजार ओव्या

स्वतःच्या देशात धर्मामुळे नकोसा झालेला एक तरुण साडेसहा महिने समुद्र कापत गोव्यात उतरला आणि मराठीत पुराण लिहून गेला. फादर थॉमस स्टीफन्सच्या या गोष्टीत कौतुक करण्यासारखं खूप आहे, आणि अडखळायला लावणारंही.

मराठी भाषा गौरव दिनाच्या सकाळी तुमच्या फोनवर एक फॉरवर्ड हमखास येतो. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने मराठीचं कसं तोंडभरून कौतुक केलं, तिला फुलांत मोगरा म्हटलं वगैरे. खाली दोन-तीन हात जोडलेल्या इमोजी. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही यंदा तो आला. एका मैत्रिणीने टाकला, पंधरा जणांनी लाइक केला. मग एका मित्राने लिहिलं, की अरे, हा माणूस पाद्री होता, धर्मांतरं करायला आला होता, कसलं कौतुक करताय? झालं! तासाभरात दोन तट पडले, दोघांनी ग्रुप सोडला, अॅडमिनने चॅट बंद केलं.

मी तेव्हा वैशाखऱ्याहून कल्याणला निघालेल्या एसटीत होते. मुरबाड येईपर्यंत हे महाभारत वाचत होते. आणि एक गोष्ट लक्षात आली, की भांडणाऱ्यांपैकी कुणीच त्या माणसाबद्दल दोन ओळींपलीकडे काही वाचलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. म्हणून वाचायला घेतलं. आता तुम्हाला सांगते. गंमत अशी, की जे भांडण आमच्या ग्रुपवर झालं, त्याच्या कितीतरी पट भयंकर भांडणातून हा माणूस स्वतः पळून आला होता.

दहा वर्षांत देशाचा धर्म दोनदा बदलला

थॉमस स्टीफन्सचा जन्म साधारण १५४९ चा. गाव बुशटन, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं. वडील लंडनचे व्यापारी. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. पण काळ वाईट होता.

युरोपात तेव्हा ख्रिस्ती धर्माचे दोन तुकडे झाले होते. रोमच्या पोपला मानणारे ते कॅथलिक. पोपला झुगारून वेगळे झालेले ते प्रोटेस्टंट. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने चर्चच्या कारभारावर बोट ठेवलं, तिथून ही ठिणगी पडली. बायबल एक, येशू एक, तरी शेजारी शेजाऱ्याचा गळा धरू लागला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५३४ मध्ये पोपपासून फुटला.

स्टीफन्स जन्मला तेव्हा गादीवर प्रोटेस्टंट राजा होता. तो चार वर्षांचा झाला आणि कॅथलिक राणी मेरी आली. तिने पाच वर्षांत सुमारे ३०० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं. तो नऊ-दहा वर्षांचा झाला आणि प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथ आली. आता पारडं उलटं. विचार करा, तुमची चौथी-पाचवी होईपर्यंत देशाचा अधिकृत धर्म दोनदा बदललाय. काल ज्या प्रार्थनेसाठी शाबासकी मिळत होती, तिच्यासाठी आज दंड भरावा लागतोय.

समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये तर उघड यादवी चालू होती. १५६२ ते १५९८ अशी छत्तीस वर्षं तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना मारत होते. २४ ऑगस्ट १५७२ ला, संत बार्थोलोम्यूच्या सणाला, पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली आणि पाहता पाहता ती इतर शहरांत पसरली. मेलेल्यांचा आकडा हजारांत गेला. स्टीफन्स तेव्हा तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आज मी आहे त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठा.

त्याने बाजू निवडली होती. ती होती कॅथलिकांची, म्हणजे त्याच्या देशातली हरणारी बाजू.

नोकराच्या वेषात

या वळणावर गोष्टीत थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत गृहस्थ येतो. हा एके काळी राणीच्या दरबारातला देखणा, नाचरा तरुण. एकदा नाताळात राणीसमोर नाचताना त्याने अशी गिरकी घेतली, की सगळे खूश. राणीने पुन्हा कर म्हटलं. दुसऱ्या वेळी तो धाडकन पडला. राणीने भर दरबारात त्याची थट्टा केली आणि तो जो बाहेर पडला तो कायमचाच, अशी कथा सांगतात. पुढे तो कट्टर कॅथलिक झाला आणि जेझुइट संघात जायची स्वप्नं पाहू लागला. जेझुइट म्हणजे येशूसंघ. शिकलेले, शिस्तीचे, जगभर फिरणारे कॅथलिक पाद्री.

स्टीफन्स त्याच्याबरोबर जवळपास दोन वर्षं नोकराच्या वेषात राहिला. मालक आणि गडी असं नाटक करत दोघं लपूनछपून कॅथलिकांच्या घरी जायचे, त्यांना धीर द्यायचे. दोघांनी मिळून रोमला पळायचं ठरवलं. पण निघण्याआधीच पाउंडची कुणीतरी चुगली केली आणि तो पकडला गेला. त्याची पुढची सुमारे तीस वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत गेली.

स्टीफन्स एकटा निसटला. रोमला पोहोचला आणि २० ऑक्टोबर १५७५ ला येशूसंघात दाखल झाला. मागे राहिलेल्या मित्राला मात्र तो विसरला नाही. पाउंडलाही संघात घ्यावं म्हणून त्याने रोममध्ये वरिष्ठांकडे अर्ज केला. तो मंजूर झाला आणि पाउंड तुरुंगात बसल्या बसल्या जेझुइट झाला.

परत इंग्लंडला जायचं तर जिवाशी गाठ होती. पुढे १५८१ मध्ये एडमंड कॅम्पियन या इंग्रज जेझुइटाला लंडनमध्ये फाशी देऊन देहाचे तुकडे केले गेले. १५८५ मध्ये तर कायदाच झाला, की जेझुइट पाद्री इंग्लंडमध्ये सापडला तर तो राजद्रोही. घराचे दरवाजे बंद झाले होते. स्टीफन्सने पूर्वेची वाट धरली.

बोटीतले साडेसहा महिने

एप्रिल १५७९ च्या सुरुवातीला पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून सुटला. आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला स्टीफन्स गोव्यात उतरला. त्याने लगेच वडिलांना पत्र लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. त्यात वादळं आहेत, उडणारे मासे आहेत, शार्क आहेत, भर समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे हे ओळखणं किती अवघड याची तपशीलवार चर्चा आहे. आणि आजारपण आहे. ताजं अन्न नसल्याने हिरड्या सुजायच्या, पाय सुजायचे. त्याच्या जहाजावर दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, सत्तावीस गेले. आणि हा आकडा त्या काळी कमी मानला जायचा!

भारतात राहिल्याची नोंद असलेला बहुधा हा पहिला इंग्रज. पुढे हे पत्र इंग्लंडमध्ये छापलं गेलं आणि तिथल्या व्यापाऱ्यांना भारताबद्दल चांगलंच कुतूहल वाटू लागलं. म्हणजे पोटच्या पोराने बापाला लिहिलेली खुशाली इतिहासात कुठल्या कुठे गेली बघा.

ती साष्टी आपली नव्हे

आता एक गफलत आधीच दूर करू, कारण मीही तिच्यात अडकले होते. स्टीफन्सने उरलेलं आयुष्य साष्टीत काढलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपण ठाण्याकडची माणसं, आपल्याला साष्टी म्हटलं की ठाणे-मुंबईचं बेट आठवतं. तीही साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती, शेजारच्या वसईसकट. पण ही साष्टी वेगळी. दक्षिण गोव्यातली, मडगावच्या आसपासची. सहासष्ट गावांवरून तिचं नाव पडलं म्हणतात.

तिथे पोहोचल्यावर त्याला काय दिसलं असेल? युरोपात जी गोष्ट त्याच्या लोकांवर होत होती, तीच त्याचे लोक इथे दुसऱ्यांवर करत होते. त्याच्या येण्याच्या बारा-तेरा वर्षं आधी याच साष्टीत शेकडो देवळं पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, म्हणजे धर्म नीट पाळता की नाही हे तपासणारं न्यायालय. जुने सण, जुन्या रीती यांच्यावर बंदी होती. अनेक घरांनी रातोरात देव उचलून नदीपलीकडे नेले.

जुलै १५८३ मध्ये या सगळ्याचा स्फोट झाला. कुंकळ्ळी गावात चर्चची जागा बघायला आणि क्रूस उभारायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारलं. त्यांचा प्रमुख रोदोल्फो आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. मेलेले स्टीफन्सचे सहकारी होते आणि त्यांचे मृतदेह मिळवायच्या कामात तोही होता. पोर्तुगीजांनी सूड कसा घेतला? कुंकळ्ळीच्या १६ प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. त्यातला एक जण नदीत उडी टाकून निसटला, असं तिथे सांगतात. आज कुंकळ्ळीत त्या गावकऱ्यांचं स्मारक आहे, आणि चर्च त्या पाच पाद्र्यांना हुतात्मे मानतं. एकाच गावात दोन्ही बाजूंची आठवण जिवंत आहे.

स्टीफन्स यावर मनात काय म्हणाला, ते मला ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही. पण एवढं दिसतं, की तो पळाला नाही आणि त्याने व्यवस्थेविरुद्ध बंडही केलं नाही. तो भाषा शिकत राहिला.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, म्हणजे गोव्यात पाऊल ठेवल्याला बरोब्बर चार वर्षं झाली त्या दिवशी, त्याने पॅरिसमधल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात नारळाच्या झाडाचं वर्णन आहे आणि जाता जाता एक निरीक्षण आहे, की इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच कुळातल्या असाव्यात असं कोलकात्यात मांडलं ते १७८६ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी, रक्तपाताला तीन महिने होत असताना, साष्टीतला एक पाद्री बायाबापड्यांचं बोलणं इतकं कान देऊन ऐकत होता.

तुरुंगातले देशबंधू

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा. १५८३ च्या नोव्हेंबरअखेर चार इंग्रजांना कैद करून गोव्यात आणलं. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी. व्यापाराची वाट शोधत आलेले हे लोक होर्मुझला पकडले गेले होते. पोर्तुगीजांना ते हेर वाटत होते, शिवाय राणी एलिझाबेथच्या देशातले, म्हणजे पाखंडी असणारच.

आता स्टीफन्सच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हे त्या देशातून आले आहेत, ज्या देशाने तुमच्या मित्राला तुरुंगात सडवलं, ज्याने दोनच वर्षांपूर्वी तुमच्यासारख्या पाद्र्याचे तुकडे केले. ते कैदेत आहेत आणि तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही काय कराल?

स्टीफन्सने खटपट केली. एका फ्लेमिश पाद्र्याच्या मदतीने जामीनदार मिळवून दिला आणि डिसेंबरात ते सुटले. स्टोरीला जेझुइटांनी चर्चमध्ये चित्रं काढायला ठेवून घेतलं. बाकी तिघं काही महिन्यांनी गुपचूप पळाले आणि बेळगाव, विजापूर करत उत्तरेला गेले. फिच थेट ब्रह्मदेश, मलाक्कापर्यंत भटकून १५९१ मध्ये लंडनला पोहोचला. १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनी निघाली तेव्हा पूर्वेची माहिती विचारायला लोक त्याच्याकडे यायचे. पुढचं तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. एका माणसाने आपल्या गावच्या पोरांना जामीन मिळवून दिला, आणि त्या धाग्याचं टोक कुठे जाऊन पोहोचलं!

पुराण का लिहिलं?

साष्टीत ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. देऊळ गेलं, पुराण गेलं, कीर्तन गेलं, पोथ्या बाळगायची सोय राहिली नाही. त्याच्या बदल्यात मिळालं काय, तर पाठ करायची प्रश्नोत्तरं. संध्याकाळी दिवा लावल्यावर ऐकायचं काय? स्टीफन्सच्या ग्रंथाची सुरुवातच अशा प्रसंगाने होते, की पाद्री मुलांना शिकवतोय आणि एक ब्राह्मण उठून विचारतो, आम्हाला वाचायला असं काही पुराण का नाही?

मग त्याने ते लिहिलं. ओवी छंदात. ज्ञानेश्वरांची, एकनाथांची ओवी. एकनाथ महाराज तर त्याचे समकालीन, त्यांनी १५९९ मध्ये देह ठेवला तेव्हा स्टीफन्स इथेच होता. साष्टीत लोक कोकणी बोलत, पण पोथीची भाषा मराठी, हे त्याने ओळखलं आणि कोकणीचे शब्द मिसळलेली, सहज कळणारी मराठी वापरली. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या जन्माची वाट पाहण्यापर्यंत पहिलं पुराण, आणि येशूचं आयुष्य म्हणजे दुसरं. सगळ्या मिळून जवळपास अकरा हजार ओव्या. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय आणि सैतानाला देवचार. वाचताना मला आमच्या गावच्या सप्ताहातल्या पारायणाची लय ऐकू आली.

छापायचं म्हटलं तर अडचण आलीच. भारतातला पहिला छापखाना गोव्यातच, १५५६ मध्ये आला, पण देवनागरी खिळे नव्हते. १६०८ मध्ये स्टीफन्सने रोमला संघप्रमुखांना पत्र लिहिलं, की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापली जावीत ही माझी जुनी इच्छा आहे. युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे जोडाक्षरांसकट सहाशेच्या आसपास साचे लागतात, ही अडचणही त्याने मांडली. तुम्ही आज अंगठ्याने मराठी टाइप करता ना, तेव्हा हे सहाशे साचे एकदा आठवा. ते काही ओतले गेले नाहीत. अखेर १६१६ मध्ये मडगावजवळच्या राशोलला, म्हणजे रायतूरला, पुराण रोमन अक्षरांत छापलं. तेही इन्क्विझिशनच्या परवानगीने.

१६१९ मध्ये, साधारण सत्तराव्या वर्षी, तो गोव्यातच वारला. चाळीस वर्षांत एकदाही घरी गेला नाही. त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्यानंतर १६४० मध्ये छापलं गेलं. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांतलं ते अगदी सुरुवातीचं. आणि तिकडे युरोपात त्याच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं आणखी मोठं युद्ध पेटलं होतं, ते तीस वर्षं चाललं.

पोथीचा प्रवास

क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या. आज त्या तिन्हींची एकही प्रत उरलेली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या भाषेसाठी स्टीफन्सने आयुष्य घातलं, ती त्याच्याच बाजूच्या सत्तेला नकोशी झाली. पण लोकांनी हाताने नकला केल्या. गोव्यातून कर्नाटकात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ओव्या जपल्या, गायल्या. त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा ग्रंथ छापला. देवनागरीतलं एक जुनं हस्तलिखित सापडलं ते कुठे, तर लंडनमध्ये. ज्या देशातून तो जीव मुठीत धरून पळाला, तिथेच त्याची मराठी पोथी सुरक्षित राहिली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली. सहाशे साच्यांचं स्वप्न असं साडेतीनशे वर्षांनी पुरं झालं.

मग ग्रुपवर काय लिहिलं?

माझी मैत्रीण बरोबर होती. मराठीवर त्याने खरंच जीव लावला. माझा मित्रही बरोबर होता. तो धर्मप्रसारासाठीच आला होता, आणि त्याच्या पाठीशी जी सत्ता होती तिने देवळं पाडली, माणसं मारली. यातलं एक सांगून दुसरं लपवलं, तर ते फॉरवर्ड होतं, इतिहास होत नाही.

मला स्वतःला टोचलं ते वेगळंच. ज्याने छळ सोसला त्याला दुसऱ्याचा छळ लगेच दिसतो, असं आपण धरून चालतो. तसं असतंच असं नाही. स्टीफन्सला तुरुंगातले चार इंग्रज दिसले, त्यांचा पंथ आड आला नाही. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांसाठी त्याने अशी धावाधाव केल्याची गोष्ट मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाही. आपल्या माणसांची आपली यादी कुठे संपते, हा प्रश्न त्याला होता, तसा तो मला आणि तुम्हालाही आहे.

ग्रुप परत सुरू झाला तेव्हा मी या ग्रंथातल्या थोड्या ओव्या टाकल्या, आणि त्याखाली कुंकळ्ळीच्या स्मारकाचा फोटो. वर काहीच लिहिलं नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्याच मित्राने विचारलं, की ही पोथी लायब्ररीत मिळेल का?

पुढच्या वेळी गोव्याला गेलात, की एक दिवस बीच सोडा. मडगावहून राशोलला जा, तिथून कुंकळ्ळीला. दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. आणि आल्यावर भांडायचं असेल तर भांडा, पण बघून येऊन.